जुन्या पियानो अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्या अडकतात, घरी खोलावं का?

माडबन
नमस्कार मंडळी. वडिलांचा पियानो अ‍ॅकॉर्डियन आहे. इटलीचा, डावीकडे १२० बास बटणं, उजवीकडे ४१ पट्ट्या. मागे 'कास्तेलफिदार्दो' (इटलीतलं गाव) एवढंच वाचता येतं, कंपनीचं नाव पुसलं गेलंय. वडील ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेल्यापासून पेटी माळ्यावर होती. आम्ही वेंगुर्ल्याचे, त्यामुळे दमटपणाबद्दल वेगळं सांगायला नको.

भाता शाबूत आहे, सूरही बऱ्यापैकी लागतात. पण मधल्या सप्तकातल्या बऱ्याच पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात किंवा सावकाश वर येतात. दोन सूर तर पट्टी न दाबताच वाजत राहतात. एका दुकानात दाखवला तर "पार्ट मिळत नाहीत, शोकेसमध्ये ठेवा" म्हणाले. मला तो वाजता हवाय, मुलीला शिकायचंय. पक्कड-पेचकस चालवता येतो. स्वतः खोलू, की गावात हार्मोनियम दुरुस्त करणारे काका आहेत त्यांच्याकडे देऊ?

खर्ज
माडबन, शोकेसचा विचार अजिबात नको. लाकूड, चामडं, फेल्ट, पोलादी सळई, स्प्रिंगा आणि मेण, पट्ट्यांच्या कामात एवढंच लागतं आणि हे सगळं आपल्याकडे मिळतं. कास्तेलफिदार्दोत १८६३ पासून, म्हणजे पाओलो सोप्रानीने कारखाना काढल्यापासून, अ‍ॅकॉर्डियन बनतात. पुन्हा खोलता येतील असेच ते बनवलेले असतात.

आधी रोग ओळखा. समोरची जाळी स्क्रू काढून उतरवा. अडकलेली पट्टी दाबून बाजूला किंचित ढकला. तेवढ्याने ती सुटली तर शेजारणीला घासतेय, नाहीतर फटीत घाण आहे. कागदाची पट्टी फिरवून काम होईल, काही खोलायची गरज नाही. पण पट्टी सगळीकडूनच जड लागत असेल तर दुखणं सळईत आहे. सगळ्या पट्ट्या एका लांब सळईवर ओवलेल्या असतात (काही मॉडेलमध्ये काळ्यांची सळई वेगळी). किनाऱ्यावर ती गंजते, गंज फुगतो आणि पट्टीचं भोक आवळलं जातं. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतंय.

सळईचं टोक कीबोर्डच्या एका कडेला छोट्या झाकणाखाली असतं. ओढण्याआधी तारेचा आकडा करून सगळ्या स्प्रिंगा सोडवा, कारण त्यांचा ताण असेपर्यंत सळई हलत नाही. मग टोक पक्कडीत धरून आधी डावी-उजवीकडे फिरवा. फिरायला लागली की ओढा. थोडी बाहेर आली की त्या पट्ट्या उचला, मग पुन्हा थोडी. प्रत्येक पट्टीच्या लाकडी शेपटीवर (आतल्या टोकावर) पेन्सिलने नंबर घाला आणि स्प्रिंग तिच्याच सोबत ठेवा. या पट्ट्या हाताने तासून बसवलेल्या असतात, एकीची जागा दुसरीला चालत नाही.

सळई बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. खड्डे पडले असतील तर तेवढ्याच जाडीची नवी घ्या. भोकं कोरडीच साफ करा. तेल किंवा गंजाचा स्प्रे मारू नका. लाकूड ते पितं, फुगतं, आणि तेल ओघळत चामड्यापर्यंत पोचलं की नवंच दुखणं सुरू होतं. फार तर पेन्सिलीच्या शिशाची पूड.

रातवा
खर्ज यांच्याशी सहमत, फक्त एक भर. सळई हलत नाही म्हणून कुणी गॅस लायटर किंवा हॉट एअर गन सुचवेल, ते करू नका. जुन्या अ‍ॅकॉर्डियनचं मोत्यासारखं चमकणारं आवरण सेल्युलॉइडचं असतं. सिनेमाची जुनी नायट्रेट रिळं ज्याची, तेच हे. भडकन पेटतं. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायलाही जाऊ नका, ॲसिटोनने ते विरघळतं. ओलसर फडकं पुरे.

माडबन
जाळी काढून पाहिली. खर्ज, तुमचं निदान बरोबर आहे, सळईचं टोक तांबडंलाल झालंय. आणि पट्ट्यांच्या शेपटीखाली हवेची भोकं बंद करणाऱ्या झाकण्यांचं फेल्ट कसरीने खाल्लंय. न दाबता वाजणारे सूर त्यामुळेच का?

खर्ज
हो. झाकणी भोकावर सपाट बसत नाही म्हणून हवा निसटते. बदलायचं तर सगळ्या झाकण्यांचं एकदमच बदला, दोनचार बदलल्या तर पट्ट्यांची पातळी बिघडते. नवं फेल्ट आणि चामडं मिळून जुन्यापेक्षा जाड झालं तर शेपूट वर उचलली जाते, बोटाकडची बाजू खाली जाते आणि पट्टी दाबायला जागाच उरत नाही. म्हणून जिथे कसर लागली नाही अशा ठिकाणची जुनी जाडी मोजा. नवं फेल्ट वापराने थोडं दबतं, तेवढी सूट धरा.

झाकणी शेपटीला मेण-राळेने चिकटवलेली असेल तर उत्तमच. मेण सोल्डरिंगच्या टोकाने हलकं गरम केलं की झाकणी आपली आपण भोकावर सपाट बसते. हे काम पट्टीच्या शेपटीपाशीच करा, सेल्युलॉइडपासून दूर. रातवांचा इशारा इथेही लागू.

तपासायला पतंगाच्या कागदाची अरुंद पट्टी झाकणीखाली घाला आणि ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे.

सोनचाफा
हार्मोनियमवाल्या काकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्यांना जरूर बोलवा. चामडं कापणं, स्प्रिंगचा ताण, झाकणी बसवणं यात त्यांचा हात तुमच्यापेक्षा सराईत असणार, आणि मेंढीचं मऊ चामडं कुठे मिळतं तेही त्यांना ठाऊक असेल. पण आतल्या सुरांना, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभांना, त्यांनी हात लावू नये हे आधीच स्पष्ट बोला. हार्मोनियमचा सूर एकाच दिशेच्या हवेवर बोलतो. अ‍ॅकॉर्डियनच्या एका प्लेटवर दोन जिभा असतात, भाता उघडताना एक आणि मिटताना दुसरी. त्यांच्यावर चामड्याच्या बारीक पट्ट्या असतात. सवयीने एक जीभ घासली की उघडताना एक स्वर आणि मिटताना दुसरा, असं होऊन बसतं. ते काम अ‍ॅकॉर्डियनच्याच माणसाचं. शिवाय तुमचे सूर लागताहेत, मग कशाला?

काम झालं की पेटी वाजवताना धरतो तशीच उभी ठेवा, आडवी नको. जिभांवरची ती चामडी पेटी आडवी ठेवल्यावर लोंबतात.

माडबन
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांशी बोललो, ते तयार आहेत. या आठवड्यातच उघडायचा विचार आहे.

खर्ज
अजून पाऊस आहे तुमच्याकडे. आत्ता लाकूड फुगलेलं असेल. आत्ता बसवलेली पातळी डिसेंबरात बदलेल आणि सगळं पुन्हा करावं लागेल. दसरा होऊ द्या, हवा कोरडी झाली की उघडा. तोवर जाळी काढलेल्या अवस्थेत प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, विशेषतः स्प्रिंगा कुठे अडकवल्या आहेत त्यांचे. सळईची जाडी कॅलिपरने मोजून इथे टाका, म्हणजे नवी कोणत्या मापाची घ्यायची ते सांगतो.