को-ऑप म्हणजे फुकट राबवणं नव्हे
कोणीतरी म्हणालंय की कॅनडातलं को-ऑप (डिग्री करता करता मध्येमध्ये कंपनीत नोकरी करायची पद्धत) म्हणजे कंपन्यांना फुकट पोरं मिळतात. तसं नाहीये हो. वॉटर्लू विद्यापीठाचंच घ्या, १९५७ पासून चालू आहे तिथे, चार महिने कॉलेज, चार महिने नोकरी अशी आलटून पालटून, आणि इंजिनिअरिंगला पगार मिळतो, त्यातून पुढच्या टर्मच्या फीला बराच हातभार लागतो. डिग्री लांबते हे खरं, साधारण पाच वर्षं धरा, पण बाहेर पडताना दीड-दोन वर्षांचा अनुभव असतो.

कंपनीचा फायदा? अहो, चार महिने काम करताना पाहिलेला पोरगा घ्यायचा की तासाभराच्या इंटरव्ह्यूवरून अनोळखी माणूस घ्यायचा, हिशोब सोपा आहे, शिवाय ऑन्टारिओत (वॉटर्लू ज्या प्रांतात आहे तिथे) कंपनीला अशा एका नोकरीच्या टर्ममागे ३००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सवलत पण मिळते.

एक मात्र आपल्याकडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फुल टाइम शिकताना केलेलं को-ऑप पीआरच्या (तिथे कायम राहायच्या परवानगीच्या) कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासला, म्हणजे कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेला, धरत नाहीत. एजंट लोक हे सांगत नाहीत बरं का. आणि को-ऑपची नोकरी कॉलेज हातात आणून देत नाही, अर्ज, इंटरव्ह्यू सगळं स्वतःच करायचं, नोकरीची पहिली टर्म मिळवताना तर जाम फेफे उडते.