कवितेतला पुराणसंदर्भ: कथा लिहून झाल्यावर पुढे काय?

प्रश्न: ‘वासुकीचं तोंड आमच्याच हातात’ अशी एक ओळ अभ्यासाला आहे. समुद्रमंथन आहे हे कळतं, पण कथा सांगून झाली की रसग्रहण अडतं. दुसरं म्हणजे, त्याच कवितेत पुढे ‘दर्भ’ आलाय. तोही पुराणसंदर्भ धरायचा का?

उत्तर १: अख्खं मंथन बाजूला ठेवा. ओळीने त्यातला कुठला तुकडा उचललाय तेवढं बघा. इथे रत्नं नाहीत, अमृत नाही, मंदार पर्वत नाही. फक्त तोंड आणि हात. महाभारताच्या आदिपर्वात असुर तोंडाकडे असतात, देव शेपटीकडे. वासुकीच्या तोंडातून धूर आणि ज्वाळा निघतात. त्याच धुराचे ढग होतात आणि पाऊस पडतो तो देवांवर! चटके एकाला, गारवा दुसऱ्याला. ‘आमच्याच’मधला ‘च’ तिथून आलाय. उत्तर त्या ‘च’वर लिहा.

उत्तर २: थोडं थांबा, भागवतात हे उलटं सुरू होतं. आठव्या स्कंधात आधी देवच तोंडाकडे जातात. असुर अडून बसतात: शेपूट अमंगळ, आम्ही धरणार नाही. विष्णू हसून जागा सोडतो. ही कथा धरली तर ओळ गाऱ्हाण्याची राहत नाही, मानापायी ओढवून घेतलेल्या चटक्यांची होते. कुठली धरायची ते आजूबाजूचे शब्द सांगतील. घाम, धग, राबणं असेल तर आदिपर्व. कुळ, मान, मोठेपणा असेल तर भागवत.

उत्तर ३: दर्भाचं बघू. गरुड अमृतकुंभ दर्भावर ठेवतो, सर्प स्नानाला जातात, तेवढ्यात इंद्र कुंभ पळवतो. परत आलेले सर्प नुसता दर्भ चाटतात आणि जिभा चिरतात. सापाची जीभ दुभंगलेली का, याची ही उत्पत्तिकथा. पण एकटा ‘दर्भ’ श्राद्धातलाही असू शकतो. सोबत जीभ किंवा हुकलेलं अमृत दिसलं तरच संदर्भ म्हणा, नाहीतर ओढाताण होते. आणि अशी कथा खरी की खोटी यात शिरू नका. कवीला बहुधा जिभेचं कारण सांगायचं नसतं, रिकाम्या जागेवरचं ते चाटणं हवं असतं.

प्रश्नकर्ता: मग पाच गुणांच्या उत्तरात कथेला जागा किती?

उत्तर १: दोन वाक्यं. तिसऱ्या वाक्यात कवितेतला शब्द अवतरणचिन्हांत आलाच पाहिजे.