पॅनल बसवलं, बिल उतरलं. पण पॅनलमुळंच उतरलं कशावरून?

शिरोली_टर्निंग
एप्रिलअखेर वर्कशॉपमध्ये एपीएफसी पॅनल बसवलं, म्हणजे कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामाचा वाटा) आपोआप सुधारणारं. मार्चचं बिल १,४२,०००, जूनचं १,१०,०००. सरळ बावीस टक्के बचत. वर्षाच्या आत पॅनलचे पैसे वसूल. ज्यांनी अजून बसवलं नाही त्यांनी महावितरणला दान करत बसावं.

आकडेमोड
ही पोस्ट तीन ग्रुपांवर फिरून माझ्याकडं आली, आता राहवत नाही. दादा, मार्च म्हणजे काय हे कारखानदाराला सांगायचं? मार्चएंडला रविवारीसुद्धा स्पिंडल फिरतात. जूनमध्ये निम्मी पोरं पेरणीला गावाकडं. पॅनलऐवजी मारुतीला नारळ फोडला असता तरी बिल उतरलंच असतं.

आणि रुपये कशाला धरताय? इंधन समायोजन आकार दर महिन्याला हलतो. युनिट सांगा, त्या महिन्यात नग किती निघाले ते सांगा. नुसता भागाकारही फसवतो. काम कमी असलं तरी कॉम्प्रेसर आणि दिवे चालूच, त्यामुळं मंदीत नगामागं युनिट जास्त दिसतात. पॅनलच्या आधीच्या बारा महिन्यांचे नग आणि युनिट आलेखावर मांडा, रेघ काढा, मग नंतरचे महिने रेघेखाली येतात का बघा.

शिवाय माणूस उपाय करतो कधी? बिल बघून डोळे पांढरे झाल्यावर. एकशे तीन ताप असताना लावलेला अंगारा नेहमीच गुण देतो.

(माझ्या मेव्हण्यानं मला 'वीज बचत यंत्र' विकलं होतं. उघडलं तर आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. तेव्हापासून दिवाळीला बोलणं जेवढ्यास तेवढं.)

शिरोली_टर्निंग
मेव्हण्याचा राग माझ्यावर काढू नका. बिल मी भरतो, रेघा तुम्ही ओढा. पॉवर फॅक्टर ०.८६ होता, आता ०.९९ आहे. बिलावर छापून येतो, तोही खोटा का?

निवृत्त_वायरमन
दोघंही जरा दमानं. आकडेमोड, तुमचा डबा आणि ह्यांचं पॅनल एक नव्हे. एप्रिल २०२० पासून २० किलोवॅटच्या वरच्या कारखान्याला केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे नुसत्या कामाच्या विजेवर (केडब्ल्यूएच) नाही, लाईनीवरनं ओढलेल्या सगळ्या विजेवर. ०.८६ चा ०.९९ झाला तर तेवढ्याच कामाला केव्हीएएच तेरा टक्के कमी. ह्यात मार्च-जून काही नाही, साधा भागाकार आहे. पण शिरोलीकर, तेरा म्हणजे बावीस नव्हे. वरचे टक्के कुठनं आणले?

लेखा_ताई
विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या मालकांनी चहावाला बंद करून चहाचं मशीन आणलं. मिटिंगमध्ये पाटी लागली, 'महिना ९,००० बचत'. हिशेब मीच करते, आकडा खरा आहे. पण ती पावडरची कढी कोण पिणार? साडेदहाला चाळीस माणसं गेटबाहेरच्या टपरीवर. किटली यायची तेव्हा दहा मिनिटांत चहा व्हायचा, आता पंचवीस. चाळीस गुणिले पंधरा मिनिटं, रोजचे दहा तास गेले. ते कुठल्या खात्यात टाकू?

कागल_फिटर
ताई, शंभर टक्के! आमच्यात तर कपाला टोकन केलंय. टोकन घ्यायला रांग, रांगेत सुपरवायझरच पहिला.

आकडेमोड
ताईंचं उदाहरण अगदी नेमकं. बचत दिसते त्या खात्यात, खर्च निघतो भलत्याच खात्यात.

शिरोली_टर्निंग
वा! मला बारा महिने, आलेख आणि रेघ. ताईंच्या चहाला एका वाक्यात शंभर मार्क? उत्पादन खरंच घटलं का? विचारलंत? का चहा तुम्हालाही गोड लागतो म्हणून सोडलं?

गोकुळ_पॅटर्न
टपरीवर जाऊन आलेला माणूस दुपारी जास्त काम करतो. वीस वर्षांचा अनुभव आहे.

लेखा_ताई
अनुभव टपरीवाल्याचा का? आणि शिरोलीकर, दहा तास मी घड्याळ लावून मोजलेत.

शिरोली_टर्निंग
तास मोजलेत, नग मोजले नाहीत. तेच तर मला सुनावलं होतं ना?

आकडेमोड
बरं. मान्य. चुकलो. आता आपली वही उघडता का?

निवृत्त_वायरमन
चहा नंतर. शिरोलीकर, मीटरचं बटण दाबत जा, केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच दोन्ही दिसतात. शनिवारी कारखाना बंद करताना लिहा, सोमवारी उघडताना लिहा. मशिनं बंद असताना केव्हीएएच पळत असेल तर एखादा कॉन्टॅक्टर (कपॅसिटर जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटलाय आणि कपॅसिटर सुट्टीतही लाईनवर आहे. लीडिंगचं, म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाल्यावरचं केव्हीएएचही मोजतात. एका गिऱ्हाइकाचं पॅनल असंच दोन महिने उलटं पैसे खात होतं, आणि तो गावभर बचत सांगत फिरत होता.

शिरोली_टर्निंग (आठ दिवसांनी)
वही काढली. मार्चमध्ये २९ दिवस चालवलं, जूनमध्ये २५. एप्रिलमध्येच फिटरनं कॉम्प्रेसरच्या लाईनीतली गळती काढली होती, ते मी विसरलो होतो. त्यानं आठवण करून दिली, आणि जरा जास्तच मोठ्यानं. तेव्हा बावीस सगळे पॅनलचे नाहीत. निम्मे असतील. पण निम्मे आहेत, नारळाचे नाहीत, हे आकडेमोड साहेबांनी लिहून घ्यावं. काका, एक कॉन्टॅक्टर खरंच चिकटला होता.

आकडेमोड
लिहून घेतलं. गळती आणि पॅनल वेगळं कसं केलंत?

शिरोली_टर्निंग
नाही केलं. तुम्ही या, गळती परत पाडू.

लेखा_ताई
मशीन परत गेलं, किटली आली. साडेदहाचा चहा पुन्हा दहा मिनिटांत होतो. महिन्याचे नग काढून बघितले, तेवढेच आहेत. कोणी काही बोलू नका.