प्रतिसाद: प्रबंधाचा सारांश पुरेसा नाही

लॉस एंजेलिसच्या गेटी रिसर्च इन्स्टिट्यूट या कलेतिहासाच्या संशोधन संस्थेत अभ्यासक म्हणून राहण्यासाठी अर्ज करताना प्रबंधाचा सारांश पाठवला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे करू नये. तेथे १९८५ पासून अभ्यासकांना निमंत्रित केले जाते आणि वर्षागणिक एक विषयसूत्र ठरते, त्यामुळे आपला प्रकल्प त्या सूत्राशी नेमका कोठे जुळतो आणि तेथील कोणती सामग्री प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही, हे पहिल्याच पानावर यायला हवे. एका संग्रहालयासाठी मी केलेल्या अर्जाच्या मसुद्यात ‘आपला समृद्ध संग्रह’ एवढेच होते. त्याखाली माझ्या मार्गदर्शक बाईंनी लाल शाईने लिहिले, ‘कोणती पेटी? कोणते पत्र?’ मग चार रात्री संग्रहाची सूची चाळून, कागदपत्रे ज्या पेट्यांत ठेवलेली असतात त्यांचे क्रमांक मी अर्जात घातले.