गायरानातल्या वेड्या बाभळीवर तणनाशक वापरावं का?

माळकरी, सांगोला:
आमचं निम्मं गायरान वेड्या बाभळीनं गिळलंय. खाली ना मारवेल गवत, ना पवन्या. कुऱ्हाड लावली की बुडातून पुन्हा फोक फुटतात. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या ओक झाडांच्या झुडपी रानात टेब्युथ्युरॉन या तणनाशकाच्या गोळ्या टाकून झाडं मारतात. ऊन जमिनीला लागतं आणि गवत जोरात येतं. कडबा परवडत नाही, मग आपण का मागं राहायचं?

द्राक्षबागवाला, नान्नज:
दादा, तिथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. ते औषध मुळांतून चढतं आणि कोरड्या रानात वर्षाच्या वरही मातीत टिकतं. वेडी बाभूळ कोणती अन् हिवर, बोर कोणती, हे त्याला कळत नाही. शेळ्यांचा पाला त्या झाडांवर आहे. आणि कुणी टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं तर? ते वाऱ्यानं माझ्या बागेवर आलं की कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, घड लागत नाहीत. भरपाई कोण देणार?

माळकरी, सांगोला:
फवारा नकोच, गोळ्याही राहू द्या. बुंधा जमिनीलगत कापायचा आणि लगेच, काप ओला असतानाच, सालीलगतच्या कडेवर ब्रशनं औषध लावायचं. मधल्या जुन्या लाकडावर लावून उपयोग नाही. यात वारा कुठं आला?

कृषी पदवीधर, मोहोळ:
ब्रशच्या बाजूनं मीही आहे. पण दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक हातात देईल, ते ओघळलं तर गवतच जळेल. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ते फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं बंधन घातलं होतं.

मेंढपाळ, मंगळवेढा:
तुम्ही बाटलीवर बोलताय, जनावरावर कुणीच नाही. उन्हाळ्यात आमच्या शेळ्या याच शेंगांवर जगतात. त्यांच्या लेंड्यांतून बी माळभर पडतं, म्हणजे आज झाड मारलं तरी पावसात रोपं येणारच. ती दरसाल उपटणार कोण? टू-फोर-डी मारलेली काही विषारी झुडपं कोमेजताना जनावराला उलट गोड लागतात. गायरानाला कुंपण नाही, कळप अडवायचा कसा? माझं म्हणणं, जेसीबीनं मुळासकट काढा, मोकळ्या जागी मारवेल पेरा आणि दोन पावसाळे चराई बंद ठेवा. तेवढे दिवस आम्ही दुसरीकडं जाऊ, पण आधी आम्हाला विचारा. गायरान गावाचं आहे. ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय ब्रशसुद्धा लावू देणार नाही.