दोनच नावांची मतपत्रिका: व्हर्जिनियाच्या प्रायमरीत मत द्यावे का?

फेअरफॅक्सकर (धागाकर्ता), १३ फेब्रुवारी २०१२

येत्या ६ मार्चला व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान, आहे. आपल्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे नोंदणी असलेला कोणीही त्या दिवशी जाऊन मत देऊ शकतो. नागरिकत्व मिळाल्यापासून मी मतदान टाळलेले नाही, पण या वेळी जाऊ नये असे मला वाटू लागले आहे. त्यामागची कारणे मांडतो. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी अवश्य लिहावे.

आर्थिक प्रश्नांवर मी रिपब्लिकन बाजूला झुकणारा मतदार आहे. जानेवारीत बेकारीचा दर ८.३ टक्के होता आणि देशावरील कर्ज १५ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले आहे. अशा वेळी विद्यमान अध्यक्षांना या साऱ्याचा जाब विचारेल आणि पर्यायी कारभाराची विश्वासार्ह रूपरेषा मांडेल असा उमेदवार पक्षाने पुढे आणायला हवा होता. प्रत्यक्षात काय हाती आले ते पाहू. मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना २००६ मध्ये आरोग्यविम्याचा जो कायदा केला, त्यात विमा घेण्याची सक्ती होती. तशीच सक्ती ओबामांच्या कायद्यात आल्यावर मात्र तो कायदा रद्द करण्याचे आश्वासन ते गावोगाव देत आहेत. राज्याने केलेले चालते आणि केंद्राने केलेले चालत नाही, एवढे उत्तर वकिली युक्तिवाद म्हणून ठीक असेल, पण ज्याच्या घरातील सगळ्यांचा विमा एका नोकरीवर अवलंबून आहे, त्या मतदाराचे त्याने समाधान होत नाही. न्यूट गिंग्रिच यांची बुद्धी आणि वक्तृत्व मान्य करूनही, सभापतीपदावर असताना १९९७ मध्ये त्यांच्याच सभागृहाने त्यांना तीन लाख डॉलर भरायला लावले होते, हे विसरता येत नाही. रिक सँटोरम २००६ मध्ये स्वतःच्या पेनसिल्व्हेनियात सतरा टक्क्यांहून अधिक फरकाने हरले. रॉन पॉल प्रामाणिक आणि सुसंगत आहेत, पण फेडरल रिझर्व्ह ही देशाची मध्यवर्ती बँकच बंद करा म्हणणाऱ्याच्या हाती मी देशाची अर्थव्यवस्था सोपवू शकत नाही.

हे झाले रिंगणातले. व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवर यांपैकी रॉम्नी आणि पॉल ही दोनच नावे आहेत, आणि प्रायमरीत आपल्या पसंतीचे नाव स्वतः लिहिण्याची सोयही आपल्या कायद्यात नाही. त्यातच मत देण्याआधी ‘पक्ष जो उमेदवार देईल त्याला पाठिंबा देईन’ अशा प्रतिज्ञेवर मतदाराची सही घ्यायचे राज्यातील पक्षाने ठरवले होते. गेल्या महिन्यात तो बेत मागे घेतला गेला हे चांगलेच झाले, पण मतदाराला पक्ष काय समजतो ते त्यातून कळून चुकले.

पक्षात माणसे नाहीत असेही नाही. इंडियानाचे मिच डॅनियल्स यांनी २४ जानेवारीला अध्यक्षांच्या भाषणाला जे उत्तर दिले, तसे शांत आणि मुद्देसूद बोलणे एवढ्या जाहीर वादसभांतून क्वचितच ऐकायला मिळाले. ते उतरले नाहीत. न्यू जर्सीचे ख्रिस ख्रिस्टी आणि मिसिसिपीचे हेली बार्बर हेही उतरले नाहीत. युटाचे गव्हर्नर आणि चीनमधील राजदूत राहिलेले जॉन हंट्समन उतरले, पण न्यू हॅम्पशायरमध्ये तिसरे आले आणि माघारी फिरले. दुसरीकडे कॅसिनोमालक शेल्डन एडल्सन यांच्या कुटुंबाने जानेवारीत एक कोटी डॉलर एका सुपर पॅकला (उमेदवारासाठी अमर्याद पैसा उभा करून खर्च करू शकणाऱ्या स्वतंत्र समितीला) दिले आणि गिंग्रिच यांची थंडावलेली मोहीम त्या आधारावर पुढे चालू राहिली. राज्य चालवून दाखवलेला माणूस घरी बसतो आणि ज्याच्यामागे एक धनाढ्य उभा आहे तो टिकतो, असे होत असेल, तर त्या स्पर्धेला माझ्या मताने मान्यता का द्यावी?

शार्लट्सव्हिल, १४ फेब्रुवारी

आपली तळमळ समजते, पण मूळ गृहीतकच मला मान्य नाही. उमेदवार दुबळे आहेत ही ओरड दर काही वर्षांनी होते आणि ती बहुधा स्पर्धा ऐन रंगात असतानाच होते. १९९१ साली आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांची लोकप्रियता नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचली, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षातले मोठे मोहरे एकेक करून बाजूला झाले. न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो यांचे विमान न्यू हॅम्पशायरला अर्ज भरायला जाण्यासाठी ऑल्बनीत तयार उभे होते, आणि त्याच दिवशी, २० डिसेंबरला, त्यांनी आपण उतरत नसल्याचे जाहीर केले. आपल्याच व्हर्जिनियाचे गव्हर्नर डग वाइल्डर यांनी तर पहिले मत पडण्यापूर्वीच माघार घेतली. उरले ते दुय्यम फळीतले, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. त्यातल्याच बिल क्लिंटन यांना न्यू हॅम्पशायरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी बुश यांना हरवले. उमेदवाराचा कस प्रायमरीतच लागतो. तो आधीपासून सिद्ध असावा ही अपेक्षा चुकीची आहे.

शिवाय मतदार निरुत्साही असता तर साउथ कॅरोलायनात २००८ मध्ये साडेचार लाखांच्या आत राहिलेले रिपब्लिकन मतदान या जानेवारीत सहा लाखांवर गेलेच नसते.

फेअरफॅक्सकर, १४ फेब्रुवारी

१९९२ चे उदाहरण नेहमी दिले जाते, पण १९८८ आणि १९९६ ची कोणी देत नाही. १९८८ मध्ये कुओमो नव्हतेच आणि आघाडीवर असलेले गॅरी हार्ट आधीच्या वर्षीच गळाले होते. डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळालेले डुकाकिस चाळीस राज्ये हरले. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये कॉलिन पॉवेल यांनी उतरायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल पडले. तीन वेळांपैकी एकदा नशीब उघडले म्हणून त्याला नियम म्हणता येणार नाही. आणि साउथ कॅरोलायनाबरोबर फ्लोरिडाही पाहावे: तिथे २००८ मध्ये १९ लाखांहून अधिक रिपब्लिकन मते पडली होती, यंदा ती १७ लाखांच्याही खाली आली.

शार्लट्सव्हिल, १४ फेब्रुवारी

फ्लोरिडात २००८ मध्ये त्याच दिवशी मालमत्ता करासंबंधीच्या राज्यघटना दुरुस्तीवरही मतदान होते. घरमालक मुख्यतः त्यासाठी बाहेर पडले होते. ती तुलना टिकत नाही.

रिचमंडकर, १५ फेब्रुवारी

मतपत्रिकेवर दोनच नावे आहेत याचा दोष कायद्याला देण्यापूर्वी तो कायदा काय मागतो ते पाहावे. राज्यभरातून नोंदणीकृत मतदारांच्या १० हजार सह्या, आणि अकराही मतदारसंघांतून प्रत्येकी किमान ४००. त्यासाठी १ जुलैपासून २२ डिसेंबरपर्यंतचा अवधी होता. गेल्या ८ नोव्हेंबरला राज्य विधिमंडळाची निवडणूक होती, तेव्हा मी एका उमेदवारासाठी मतदानकेंद्राबाहेर पॅड घेऊन उभा होतो. मत देऊन बाहेर पडणारा माणूस नोंदणीकृत असतोच, तो थांबतो, विचारतो, बहुतेक वेळा सहीही करतो. सही करणाऱ्याने नाव सुवाच्य लिहिले आहे ना, पत्ता नोंदणीतलाच दिला आहे ना, हे तिथल्या तिथे पाहावे लागते, आणि नंतर प्रत्येक कागदावर नोटरीसमोर आपली सही करावी लागते. काम किचकट आहे, पण अशक्य मुळीच नाही. सँटोरम आणि हंट्समन यांनी सह्या सादरच केल्या नाहीत. गिंग्रिच तर व्हर्जिनियातच, मॅक्लीनला राहतात, आणि तरीही त्यांच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी न्यायालयात गेले आणि बाकीचे त्यांच्या मागे गेले. न्यायाधीशांनी १३ जानेवारीला सांगितले की हरकत घ्यायची तर ती वेळेत घ्यायला हवी होती. ज्याला आपल्या घराच्या राज्यात दहा हजार सह्या नीट जमवता येत नाहीत, त्याचे नाव नसण्याने मतदाराचे काही हिरावले गेले असे मला वाटत नाही. उलट ही चाळणी नीट काम करते आहे.

फेअरफॅक्सकर, १५ फेब्रुवारी

आपण थंडीत उभे राहून केलेल्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण चाळणी सगळ्यांना सारखी नव्हती. १५ हजारांहून अधिक सह्या देणाऱ्याच्या सह्या तपासायच्याच नाहीत असे पक्षाने ठरवले. रॉम्नी त्यात बसले, गिंग्रिच आणि पेरी यांची मात्र एकेक सही तपासली गेली. शिवाय त्याच न्यायाधीशांनी, सह्या गोळा करणारा व्हर्जिनियाचाच असावा ही अट घटनेच्या कसोटीवर बहुधा टिकणार नाही, असेही नमूद केले आहे. उशीर झाला हा निकाल योग्य असेल. पण त्याचा भुर्दंड उमेदवारांना कमी आणि मतदारांना जास्त बसला.

लाउडन काउंटी, १६ फेब्रुवारी

मी पॉल यांना मत देणार आहे, आणि त्यांची सगळी मते मला मान्य आहेत असे अजिबात नाही. धागाकर्ते म्हणतात की मत देणे म्हणजे स्पर्धेला मान्यता देणे. मला हिशेब वेगळा दिसतो. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या आपल्या राज्याच्या ४९ प्रतिनिधींपैकी ३३ मतदारसंघनिहाय ठरतात, प्रत्येकी तीन, आणि राज्यपातळीवरचे १३ निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्याला एकगठ्ठा जातात. दोघांचीच लढत असल्याने कोणी तरी निम्म्याच्या वर जाणारच, पण एखादा मतदारसंघ पॉल यांच्याकडे गेला तर तेवढे तीन प्रतिनिधी रॉम्नींना मिळणार नाहीत. आघाडीच्या उमेदवाराविषयी नाराजी आहे हे अधिवेशनात मोजून दाखवण्याचा आपल्या हाती असलेला एकमेव मार्ग हाच आहे. न आलेल्या मतदाराची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. तो नाराज होता की आजारी होता हे कोणालाही कळत नाही.

पुणे, १७ फेब्रुवारी

तिकडच्या राजकारणाचा माझा अभ्यास नाही, पण एक गोष्ट लिहावीशी वाटते. काल आमच्याकडे महापालिकेचे मतदान झाले. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे वर्षानुवर्षे पक्षाचे काम करणाऱ्यांनाही ठाऊक नसते, मग मतदाराची काय कथा! उमेदवार ठरवण्याच्या प्रक्रियेत सामान्य माणसाला मत असणे हेच आम्हाला अप्रूप वाटते. आपण ते मत वापरणार नाही हे वाचून वाईट वाटले.

फेअरफॅक्सकर, १७ फेब्रुवारी

सर्वांचे आभार. पुण्याच्या प्रतिसादाने विचारात पाडले हे खरे, पण एबी फॉर्मपेक्षा प्रायमरी बरी एवढ्यावरून ही प्रायमरी चांगली ठरत नाही. अधिकार मोठा आहे म्हणूनच तो दोन नावांवर आणून ठेवल्याचा राग आहे.

लाउडनच्या हिशेबाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही असे म्हणण्याऐवजी मी असे म्हणेन की तो हिशेब पॉल यांच्या धोरणांची भीती नसणाऱ्यालाच परवडतो. मला ती आहे. परदेशातल्या सैन्याविषयी आणि चलनाविषयी ते जे सांगतात ते त्यांना खरोखरच करायचे आहे, आणि म्हणून निषेधापुरते मत त्यांना देणे मला जमणार नाही.

तेव्हा प्रश्न रॉम्नींपुरता उरतो. २००६ च्या कायद्यात काय चुकले, काय बरोबर होते, आणि ओबामांचा कायदा रद्द केल्यावर आधीपासून आजार असलेल्या माणसाला विमा कोण आणि कोणत्या दराने देईल, हे त्यांनी एकदा सविस्तर सांगावे. ६ मार्चपूर्वी तसे झाले तर मी सकाळी कामावर जाण्याआधी मत देऊन येईन. तसे झाले नाही तर त्या दिवशी घरी राहीन आणि नोव्हेंबरमध्ये, जेव्हा व्हर्जिनियाचे मत खरोखर निर्णायक ठरू शकते, तेव्हा दोन्ही पक्षांचे उमेदवार पाहून नव्याने ठरवीन.

रिचमंडकर, १७ फेब्रुवारी

आपण विचारलेला विम्याचा प्रश्न रास्त आहे. पण तो रॉम्नींना विचारला जाईल तो त्यांच्या मतांची टक्केवारी पाहूनच, आणि ती ६ मार्चला जे केंद्रावर येतील त्यांच्याच मतांवरून ठरेल.