वनहक्क: तुमच्या घरातला कागद कोणता?

डबेवाला (नाशिक जिल्हा)
आमच्या घरी डालड्याच्या डब्यात तेरा पावत्या होत्या. जंगलात नांगर धरला म्हणून वडलांनी भरलेल्या दंडाच्या. दिवाळीला घर सारवताना आई दरवर्षी म्हणायची, "ती लाज चुलीत घाला." वडील घालायचे नाहीत, का ते सांगायचेही नाहीत. मग जंगलात कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर करणारा 2006 चा वनहक्क कायदा आला, 2008 पासून गावात दावे भरायला लागले, आणि कळलं की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायला पुरावे लागतात, निदान दोन. दंडाची पावती त्यात चालते! जी लाज होती तीच कामाला आली.
तुमच्याकडे काय होतं, काय नव्हतं, ते लिहा. कायदा समजावू नका, शिबिरात पाठ झालाय. कुणा साहेबाचं नाव नको.

कोंबडीचोर नाही
आमचे आजोबा हुशार. त्यांनी दंड कधी भरलाच नाही. सुगीला एक कोंबडा आणि पायलीभर नागली, की जंगलखात्याचा गार्ड खूश. आता कोंबड्याची पावती कोण देतो?
शेवटी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा जबाब घेतला, तो नियमात बसतो. तलाठ्याने विचारलं, "किती साली जमीन काढली?" म्हातारा म्हणाला, "देवीची साथ आली, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात." साल काही सांगेना. मग बांधावर गेलो. तिथल्या आंब्याला आम्ही दोघांनी मिठी मारली तरी बोटं टेकेनात. सुतळीने घेर मोजला, पंचनाम्यात लिहिला. मागितले चार एकर, मिळाले 27 गुंठे. वर कुठली फुटपट्टी लावली, देव जाणे.

नागलीची भाकर
लग्न झालेल्याचा पट्टा, म्हणजे मिळालेल्या जमिनीचा कागद, नवराबायको दोघांच्या नावावर निघतो. आमचा निघाला तेव्हा मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, कागद पेटीत गेला. चार वर्षांनी मालकांनी तो पिण्यापायी सावकाराकडे नेला. सावकाराने उलटापालटा करून वाचला आणि परत दिला. हा विकता येत नाही, वारसालाच जातो म्हणे. वर त्यांना म्हणाला, "यावर बाईचंही नाव आहे." मला माझं नाव असं सावकाराकडून कळलं. कागद आता माझ्या पेटीत. चावी कुठे आहे ते लिहीत नाही.

दादरकर
जमिनीशी माझा संबंध कुंडीपुरता. पण कागद आहे, दहावीचं हॉलतिकीट. 12 मार्च 2018 ला माझा पेपर होता. आदल्या दिवशी वनहक्कही मागणारा शेतकऱ्यांचा मोर्चा शीवजवळच्या सोमय्या मैदानावर पोचला होता. सकाळी निघाले असते तर आमचे रस्ते तुंबले असते, म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. बाबा खाली पाण्याच्या बाटल्या वाटत होते. एका बाईंनी त्यांना विचारलं, "पोरं निजली का? आवाज नाही ना होत?" मी खरंच झोपलो होतो. रस्ता मोकळा, वेळेत पोचलो. का मोकळा, ते घरी आल्यावर कळलं.

डबेवाला
दादरकर, त्या रात्री मीही होतो. नाशिकहून साधारण 180 किलोमीटर, 6 तारखेला निघालेलो. फोड फुटून पाय चिकट झालेले. वाटेत कुणीतरी चपला दिल्या, एक आठ नंबरची, एक नऊची. त्याच घालून मैदानात गेलो. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

मोहफूल (धानोरा, गडचिरोली)
आमच्याकडे कागद एकट्याचा नसते जी, गावाचा असते. शेजारच्या मेंढा लेखाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना आपल्या हाती यावा म्हणून त्यांना भांडावं लागलं. 2011 मध्ये परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे आमच्या गावालाही हक्क मिळाला. आमची पहिली गाडी नाक्यावर थांबली, तेव्हा शिपायाने पास तीनदा उलटवून पाहिला. शिक्का आमचाच! त्याला पटेना, आणि खरं सांगतो, आम्हालाही पुरतं पटलं नव्हतं.

गार्डाची मुलगी
लिहू की नको, दोन दिवस विचार केला. माझे वडील त्या पावत्या फाडणाऱ्यांपैकी. आमच्या घरी कोंबडा यायचा, आणि आम्ही तो खाल्लाय.
निवृत्तीनंतर एक माणूस दारात आला. हातात पिशवी, पिशवीत पावती, शाई फिकट झालेली. सही कुणाची ते तालुक्याला कुणाला लागेना. वडलांनी चष्मा लावला, पावती खिडकीशी नेली. "माझीच," म्हणाले, आणि मागच्या बाजूला तसं लिहून तारीख टाकून दिली. आईने चहा केला. तो माणूस उंबऱ्याच्या आत आला नाही, बाहेर बसूनच प्याला. वडील आत उभे होते, खुर्ची असून.

दळीवाला (रायगड)
आमची वाडी, डोंगरावर दळीची, म्हणजे उतारावरची जमीन, आजा तिथे राब (पालापाचोळा) भाजायचा. दावा फेटाळला. शेरा एकच, "अपात्र". कारण नाही. 60 दिवसांत अपील करायचं असतं, पण फेटाळल्याचं कळलंच दीड वर्षाने. त्यात 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढायला सांगितलं. 28 ला स्थगिती आली. मधल्या पंधरा दिवसांत आईने वरईचं बियाणं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं, आपलं घर राहतंय का नाही म्हणून. आता पुन्हा अर्ज करतोय. पावती नाही, म्हातारी माणसं गेली. आंबाही नाही.

कोंबडीचोर नाही
दळीवाले, वाडीची जुनी मसणवट कुठे आहे? विहीर? दगडी ताल, बांध? तेही पुराव्यात धरतात. पावसाआधी जा, नंतर गवतात दिसत नाही. सुतळी घेऊन जा.